कोशाची शेपटी आणि माझे दात

माझा कुठं सत्कार असला की सूत्रसंचालक एक वाक्य हमखास बोलतो. एकेकाळचे नामांकित शर्यतीचे गाडीवान, पुढं कादंबरीकार झाले आणि आता मुक्या जनावरांसाठी झटतात. ऐकणाऱ्याला वाटावं, मधल्या काळात मी कुठल्या तरी झाडाखाली डोळे मिटून बसलो असणार. मग श्रोत्यांतून कुणी तरी विचारतंच, हा बदल कसा झाला? मी चेहरा गंभीर करून करुणा, संवेदना वगैरे शब्द वापरतो आणि शाल-नारळ घेऊन घरी येतो. खरं उत्तर तंबाखू हे आहे. शाल अंगावर असताना ते सांगवत नाही, म्हणून इथं लिहितो.

मी मामांकडं वाढलो. गाव शिंगणापूर आणि पाथर्डी यांच्या मधलं. जमीन बरी, पाण्याची बोंब. मामांच्या दावणीला चार बैल होते, दोन नांगराचे आणि दोन शर्यतीचे. शर्यतीच्या जोडीतला डावीकडचा कोसा खिलार होता, म्हणजे पांढऱ्या अंगावर राखेची झाक. रंगावरूनच सगळे त्याला कोसा म्हणत. मामांचा दोन गोष्टींवर जीव होता. एक कोसा आणि दुसरा शर्यतीचा छकडा. तो छकडा त्यांनी सुतारासमोर उकिडवं बसून, एकेक लाकूड हाताने तोलून करून घेतला होता. एरवी तो गोठ्याच्या आढ्याला टांगलेला असे आणि मामा येता-जाता त्याला हात लावून जात, जशी काही देवळातली घंटाच.

आमच्या भागात चैत्र लागला की गावोगाव यात्रा आणि यात्रेत शर्यती. छकडा हाकायला माणूस हलका लागतो. घरात माझ्याइतकं हलकं फक्त सूप होतं, त्यामुळं सतराव्या वर्षापासून मी मामांचा गाडीवान झालो.

बाकीचे गाडीवान पराणी वापरत. तिच्या टोकाला लोखंडी अणकुचीदार आर असते, ती बैलाच्या पुठ्ठ्यात टोचायची. मी पराणीला कधी हात लावला नाही. मी चावत असे.

हा काही माझा शोध नव्हे. त्या काळी शेपटी पिरगाळणारे आणि चावणारे गाडीवान बरेच होते. पण माझी पद्धत ठरलेली होती. निम्मी धाव होईपर्यंत मी नुसता ओरडायचो. शेवटचं निशाण दिसू लागलं की तोंडातला तंबाखूचा बार बाजूला थुंकायचा, धुऱ्यावर ओणवं व्हायचं आणि कोशाची शेपटी दातांत धरून करकचून चावायची. कोसा असा काही उसळायचा की लोक टोप्या उडवत. दोन वर्षं आम्ही हरलो नाही. गावात मला मान होता. चहाच्या दुकानात म्हातारी माणसं सरकून जागा देत, आणि एकदा एकाने मला तोंड उघडायला लावून माझे दात आपल्या मुलाला दाखवले होते.

बाहत्तर सालच्या चैत्रात आमच्याच गावच्या यात्रेत कोसा थांबला.

निशाण पंचवीस-तीस पावलांवर. आम्ही पुढं. आणि कोशाने शेपटी पोटाखाली घातली, मागचे पाय आखडले आणि उभा राहिला. जोडीदार बैल त्याच्याभोवती अर्धा फिरला, छकडा आडवा झाला आणि मी एका मिठाईवाल्याच्या पालाशी जाऊन थांबलो. पंधरा दिवसांनी शेजारच्या गावी पुन्हा तेच. निशाण दिसू लागलं आणि कोसा उभा. त्या वेळी मिठाईवाला नव्हता, सराट्यांचे काटे होते.

 घरी परतल्यावर गोठ्यात मामा म्हणाले, की आदल्या साली पाऊस नव्हता, यंदाही लक्षण दिसत नाही, कडबा चार बैलांना पुरायचा नाही. एकाला जावं लागणार आणि जो पळत नाही तो जाईल. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजाराला न्यायचा.

त्या दिवसांत घोडेगावच्या बाजारात शेतकरी गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. सगळे विकायलाच येत होते. घेणारे दोन-चार जण ट्रक घेऊन यायचे आणि त्या ट्रकांतला बैल नांगराला जात नसे, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मामांनाही माहीत होतं. म्हणूनच ते बोलताना कोशाकडं न बघता आढ्याला टांगलेल्या छकड्याकडं बघत होते.

मामी मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, जनावराला साडेसाती असंल, आधी शनिदेवाला तेल घालून या, मग बाजाराचं बघा. मामांनी एवढं ऐकलं.

मला मात्र एकच गोष्ट पोखरत होती. बैल थांबला का? दमला म्हणावं तर नंतर धापही नव्हती. घाबरला म्हणावं तर कशाला? मी ठरवलं, त्याला जे दिसतं ते आपण बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रेच्या माळावर गेलो आणि बैलाच्या उंचीला डोळे यावेत म्हणून हातापायांवर रांगत त्या वाटेनं निघालो. बैलाचे डोळे बाजूला असतात, म्हणून एकदा डावीकडं मान, एकदा उजवीकडं. निशाणाच्या जागेपाशी पोचलो तेव्हा समोर दोन पाय दिसले. आमच्या शेजारची म्हातारी शेण गोळा करायला आली होती. तिने मला काही विचारलं नाही. दुपारपर्यंत गावात झालं होतं, की भाच्याला बैल लागला.

त्यामुळं शिंगणापूरला तेल कोणासाठी घालायचं यावर घरात दोन मतं पडली. शेवटी मामी म्हणाल्या, दोघांच्या नावानं घाला.

कोसा आणि त्याचा जोडीदार साध्या गाडीला जुंपून आम्ही पहाटे निघालो. मामा मागं बसलेले, मी पुढं हाकायला. वाटेत कोसा तीनदा थांबला. काही कारण नाही, काही नाही, चालता-चालता उभा. मामा प्रत्येक वेळी आकाशाकडं बघत. शिंगणापुरात विहिरीचं पाणी अंगावर घेऊन, ओल्या पंच्यानं आम्ही दोघांनी शिळेवर तेल वाहिलं. गावातल्या घरांना दारं नाहीत हे नेहमीचंच, पण त्या दिवशी ती उघडी घरं बघून मला उगाच वाटलं की इथं कुणाला काही लपवायची सोय नाही. मामांनी देवासमोर बजावलं, घरी जाईपर्यंत दोघांचीही तंबाखू बंद.

परतीच्या वाटेवर कोसा एकदाही थांबला नाही.

मामा हात जोडून गाडीत बसले होते आणि मी डोकं खाजवत होतो. सकाळी थांबला, दुपारी नाही. काय बदललं? तेल? तेल तर शिळेवर होतं. ओला पंचा? तो वाळला होता. शिवेत शिरलो, देवाची अट संपली असं धरून मी तंबाखू मळली, चुना लावला, बार भरला. चार पावलांवर तोंड भरलं म्हणून बाजूला थुंकलो.

कोसा उभा. शेपटी पोटाखाली.

मामा मागून म्हणाले, "बघ. देवानं शिवंपतूर सोडलं हुतं, पुन्यांदा धरलं."

 माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो देवाचा नव्हता.

पुढचे काही दिवस मी जे केलं ते एखाद्या कॉलेजातल्या प्रोफेसरने केलं असतं तर त्याला शास्त्र म्हणाले असते. कोसा वैरण खात असताना त्याच्या मागं जाऊन थुंकलो. तोंडातली वैरण तशीच, शेपटी आत. समोर उभा राहून थुंकलो. काही नाही, नुसता बघत राहिला. भिंतीआडून थुंकलो. शेपटी आत. तंबाखू नसताना नुसता आवाज काढला. शेपटी आत. जोडीदाराच्या मागं थुंकून बघितलं. तो कान हलवून पुन्हा रवंथ करू लागला, कारण त्याची शेपटी मी कधी चावली नव्हती. मग एके दुपारी कोशाची शेपटी हातात घेऊन केस बाजूला केले. दोन ओळींत व्रण होते. वर चार आणि खाली तीन, कारण माझा खालचा एक दात तेव्हाही पडलेला होता. आणि व्रणांभोवती कातडी भाजल्यासारखी. माझ्या दातांना तंबाखूचा चुना लागलेला असायचा. मी दरवेळी जखम करून तिच्यात चुना भरत होतो.

बैल मुका असेल, पण त्याला क्रम कळत होता. आधी थू, मग दात, मग आग. तेव्हा थू ऐकलं की तो शेपटी लपवायचा, आणि शेपटी पोटाखाली दाबून कुठल्याही बैलाला पळता येत नाही. वाटेवर त्याला जे दिसत होतं ते शोधायला मी रांगलो होतो. त्याला जे ऐकू येत होतं ते माझ्याच तोंडात होतं.

आता एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? मामांकडं गेला असता आणि म्हणाला असता, बैलात खोट नाही, माझ्यात आहे. मी तीनदा गेलो. पहिल्यांदा मामा पाहुण्यांना माझ्याकडं बोट दाखवून सांगत होते, की ह्याच्यासारखा गाडीवान तालुक्यात नाही. दुसऱ्यांदा ते जेवत होते. तिसऱ्यांदा ते एकटे होते, रिकामे होते, खुशीत होते, आणि मी त्यांना विचारलं की विहिरीला पाणी किती आहे.

त्याच सुमारास मला जिल्ह्याच्या गावाजवळच्या नागापूरला काम मिळालं. तिथं नव्या कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, त्यातल्या एका लहानशा शेडमध्ये लेथवर मदतनीस म्हणून लागलो. सुट्टी गुरुवारी. मी गुरुवारी सकाळी एसटीने गावी यायचो आणि शुक्रवारी पहाटे परत जायचो. पहिल्यांदा कामावर निघायच्या आदल्या दिवशी मामांनी सांगून टाकलं होतं, येत्या शुक्रवारी कोसा घोडेगावला.

तोंडाने बोलवत नव्हतं म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं. शेडमध्ये रद्दी झालेली छापील कामाची कार्डं पडलेली असत. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. पहिलंच वाक्य लिहायचं होतं, "मामा, कोशाची शेपटी मी चावतो, म्हणून तो थांबतो." हात चालेना. म्हटलं, जरा मागून सुरुवात करू. कोसा आमच्या घरी आला त्या दिवसापासून. मग वाटलं, त्या दिवशी त्याला काय वाटलं असेल? नवी दावण, नवा वास, उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी असलेली एक बाई. मी कोशाच्या बाजूने लिहू लागलो. आठ कार्डं भरली तरी मी त्याला वेसण घालण्यापर्यंतच आलो होतो. शेपटी अजून लांब होती. गुरुवार उजाडला, तेवढंच घेऊन गेलो.

मामांना अक्षरओळख नव्हती. मामी चौथी शिकलेल्या. संध्याकाळी ओसरीवर कंदील ठेवून मामींनी वाचलं, मामा खांबाला टेकून ऐकत होते आणि मी दोरी वळायच्या निमित्ताने अंधाराच्या बाजूला बसलो होतो. वेसण घालायला दोन गडी कोशाचं डोकं दाबून धरतात, तिथं कार्ड संपलं.

मामा म्हणाले, "फुडं?"

मामींनी कार्ड उलटं करून बघितलं. मागं छापील रकाने होते. "फुडं काय न्हाई. संपलं."

"संपलं कसं? त्याचं डोस्कं धरलंय की त्येंनी अजून."

मी म्हणालो, पुढलं पुढच्या गुरुवारी आणतो. मामा पुटपुटत उठले. शुक्रवारी ते बाजाराला गेले नाहीत. कारण असं सांगितलं की त्यांची टाच दुखते.

असा मी कादंबरीकार झालो. पोटासाठी नाही, कलेसाठी नाही, शुक्रवार टाळण्यासाठी. प्रत्येक गुरुवारी कार्डांचा गठ्ठा संपेल तिथं कोसा कसल्या तरी पेचात असलाच पाहिजे, एवढा एकच नियम मला कळला होता. एकदा तो विहिरीच्या कडेला घसरत होता. एकदा त्याला जोडीदाराने ढुशी मारली होती. एकदा मला काहीच सुचेना म्हणून त्याला नुसतं रुसवलं, आणि तेच मामांना सगळ्यांत जास्त आवडलं. आठवडाभर ते गोठ्यात जाऊन कोशाकडं बघत, हा खरंच कशावर रुसला असेल ते शोधत होते.

मामा ऐकता-ऐकता दुरुस्त्या करत. तवा पाऊस न्हवता पडला. त्या बैलाचं शिंग डावं मोडलं हुतं. मामांबद्दल कोशाचं मत फारसं चांगलं नव्हतं, तिथं मामी वाचताना आवाज बारीक करत आणि मामा म्हणत, मोठ्यानं वाच, काय म्हनतोय त्यो. गोष्टीतला कोसा म्हणत होता, की धनी सगळ्यांना सांगतो माझा कोशावर जीव आहे, पण हात लावतो छकड्याला. हे ऐकून मामा खांब सोडून ताठ बसले. मला वाटलं, मेलो. पण पुढच्या आठवड्यात मामी म्हणाल्या, ते आता येता-जाता कोशाच्या वशिंडावर थाप मारतात आणि कुणी बघत नाही ना हे बघून घेतात.

पाऊस मात्र आला नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. कडब्याची गंज आमच्या डोळ्यांदेखत बसत गेली. एका गुरुवारी मी घरात पाऊल टाकलं तर मामा उंबऱ्यातच उभे होते. ते म्हणाले, तुझी गोष्ट बैलाच्या पोटात जात नाही. उद्या कोसा जाणार. आज जे काय लिहिलंय ते वाचून टाकू.

मी त्या आठवड्यात एका विंचवाची गोष्ट लिहून आणली होती. ती कार्डं तशीच खिशात ठेवली. गोठ्यामागं बसून उरलेल्या एका कोऱ्या कार्डावर, मागं न जाता, आडवळण न घेता लिहिलं. थू, दात, चुना, आग. वर चार, खाली तीन. आणि ते दात कुणाचे ते.

मामींनी वाचायला घेतलं. अर्ध्यावर त्यांचा आवाज हळू झाला, मग थांबला. त्यांनी कंदिलाच्या उजेडात माझ्याकडं बघितलं.

मामा म्हणाले, "वाच."

त्यांनी वाचलं. मामा उठले, कंदील उचलला आणि मला म्हणाले, "चल."

गोठ्यात कोसा बसलेला होता, आम्हाला बघून उठला. मामांनी मला त्याच्या मागं उभं केलं. स्वतः पुढं जाऊन त्याच्या तोंडापाशी कंदील धरला.

"थुंक."

मी म्हणालो, मामा, लिहिलंय ते खरं आहे.

"मला वाचाय येत न्हाई. थुंक."

मी थुंकलो. शेपटी झटक्यात आत गेली, पुठ्ठे थरथरले. मामांनी कंदील माझ्या हातात दिला, मला बाजूला सारलं, मागं येऊन उभे राहिले. त्यांच्याही तोंडात तंबाखू होती. ते थुंकले. तीच थरथर. त्यांनी कोशाची शेपटी हळूच बाहेर काढली, केस सारले आणि बोटाने ते व्रण मोजले. दोनदा मोजले. मग मला तोंड उघडायला लावून कंदिलात माझे दात बघितले.

मला वाटलं, आता एक बसणार. मी गालही तयार ठेवला होता.

मामांनी बोट घालून स्वतःच्या तोंडातली उरलेली तंबाखू काढली आणि गोठ्याबाहेर जाऊन टाकली. परत आले तेव्हा वर आढ्याकडं बघत होते.

"उद्या घोडेगावला जायाचंय," ते म्हणाले.

 मी म्हणालो, मामा, बैलाची काही चूक नाही.

"बैल कोन न्हेतंय? ह्यो काढू लाग खाली. छकडा इकायचाय."

कडब्याचा प्रश्न त्याने सुटला असं नाही. छकडा घेणाराही शेवटी मिळाला तो चाकांसाठी मिळाला. पुढं पाझर तलावाच्या कामाशेजारी गुरांची छावणी उघडली, मामी आणि मामांनी तिथंच पाल ठोकलं आणि दोन हिवाळी महिने कोशाजवळ राहून काढले. मी गुरुवारी तिथं जायचो. मामांनी विंचवाची गोष्ट पुरी करून घेतली.

गठ्ठा वाढत गेला आणि काही वर्षांनी त्याचं पुस्तक झालं. नंतर मी यात्रांतून फिरू लागलो. धाव सुरू व्हायच्या आधी बैलांच्या मागं जायचं आणि शेपट्या उचलून बघायच्या. लोक मला शेपटी इन्स्पेक्टर म्हणत. दोनदा लाथ खाल्ली, एकदा बैलाची आणि एकदा मालकाची. दुसरा कुणी गाडीवान असता तर त्याला व्रण शोधावे लागले असते. मला शोधावे लागत नसत, कुठं असतात ते पाठ होतं. भाषण करताना पराणीवाल्यांना मी फार बोलायचो आणि चावणाऱ्यांविषयी बोलताना माझा खालचा ओठ आपोआप मिटायचा.

तंबाखू मी त्या रात्रीपासून सोडली. हे मी कोशाला सांगितलं, पण त्याला ते पटलं नाही. तो पुढं बरीच वर्षं जगला. मी गोठ्यात शिरलो की रवंथ थांबवून उठायचा, दाव्यासकट गोल फिरायचा आणि माझ्याकडं तोंड करून उभा राहायचा. मी डावीकडं गेलो की तो डावीकडं वळायचा, उजवीकडं गेलो की उजवीकडं. आलेले पाहुणे म्हणायचे, बघा, किती जीव लावलाय तुमच्यावर, नजर हलवत नाही.

मामा खांबाला टेकून माझ्याकडं बघायचे. मी पाहुण्यांना म्हणायचो, हो, फार जुनी ओळख आहे.